चौथ्या पाईपला डमी

१

गाडीत पेट्रोलचा वास आला की गाडी सुरू करायची नाही. हे मला कुणी शिकवायला नको. साखर कारखान्यात पस्तीस वर्षं पाईपफिटर म्हणून काढली मी. वाफेची, रसाची, मळीची, अशी एक लाईन नव्हती जिला नारायण फिटरचा पाना लागला नाही. त्यामुळं त्या गुरुवारी सकाळी दार उघडल्याबरोबर भपकन वास आला, तेव्हा मी सुधाला म्हणालो, तू ओट्यावरच बस, आधी मी बॉनेट उघडतो.

सुधा माझी बायको. ओट्यावर बसायलाही तिला भिंतीचा आधार लागत होता. दिवाळीत चांगली धडधाकट होती, एका बैठकीत शंभर चकल्या तळल्या बाईनं. संक्रांतीला तिचं रक्त आठवर आलं आणि शिमग्याला साडेसहावर. बारामतीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. कुठं रक्तस्राव नाही, जंत नाहीत, हाडात रक्त तयार होतंय तेही व्यवस्थित. तयार होतंय पण जातंय कुठं ते कळत नाही, असं ते म्हणाले आणि मला त्यांचा रागच आला. रस निघतोय पण जातोय कुठं कळत नाही, असं मी कधी साहेबाला सांगितलं असतं तर त्यानं मला गेटबाहेर काढलं असतं. पण करता काय? दर गुरुवारी माळेगावातून बारामतीला जायचं, रक्ताची पिशवी लावायची आणि संध्याकाळी परतायचं. दवाखान्यातून निघताना तिच्या ओठांवर रंग असायचा. घरी पोचेपर्यंत बाई परत पांढरीफटक.

एवढ्यासाठी गाडी हवीच होती. दिवाळीच्या आधीच घेतली होती, इंदापूरहून. ब्याण्णवचं मॉडेल, पांढरी, कार्बोरेटरची. बॉनेट उघडलं तर पेट्रोलच्या रबरी पाईपला भेगा पडलेल्या आणि भेगांतून घाम सुटलेला. त्याचंही कारण मला माहीत होतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. नव्या गाड्यांना त्याचं काही नाही, जुनं रबर मात्र ते खातं. आणि इथेनॉल निघतं मळीतून. म्हणजे ज्या मळीच्या लाईनी मी टाकल्या, तीच मळी फिरून माझ्या दारात माझे पाईप खायला आली होती.

त्या दिवशी आम्ही एसटीनं बारामतीला गेलो आणि एसटीनंच आलो. घरी आल्यावर सुधानं स्वतः उठून चहा केला. का केला, कसा करू शकली, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. माझं डोकं पाईपात होतं.

२

भिगवण रस्त्याला लखनचं दुकान आहे, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं. माणूस पन्नाशीचा, तोंडानं फटकळ, पण मालात फसवत नाही. पेट्रोलचे पाईप दे म्हटल्यावर त्यानं माझी उभ्या उभ्या शाळा घेतली.

बाहेरची जाडी सांगू नका, आतलं भोक सांगा, म्हणाला. वाकण कुठं आहे ते बघा, नाहीतर नवा पाईप वाकणावर चिमटतो आणि गाडी चढाला मरते. क्लिपा जुन्या वापरू नका. आणि सगळ्यात आधी, आतून काय जाणार ते सांगा. पाण्याचा पाईप पेट्रोलला लावला तर महिन्याभरात आतून चिखल. साधा पेट्रोलचा पाईप आता इथेनॉलला चालत नाही, त्याला आतून वेगळा थर लागतो. जे जाणार त्याच्यावर पाईप ठरतो, मापावर नाही. "जुना तुकडा आणा परत्येकाचा," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मी विचारलं, किती तुकडे लागतील? तर म्हणाला, ह्या गाडीला तीनच. एक टाकीकडून येणारा, एक उरलेलं पेट्रोल परत नेणारा आणि एक वाफेचा.

तेव्हा मला मोहनराव आठवले. गाडी त्यांच्याकडूनच घेतली होती. इरिगेशनचे रिटायर पाटकरी. उभा जन्म कालव्याची दारं उघडण्यात आणि लावण्यात गेलेला. अठ्ठ्याहत्तर वय, अंगावर मांस म्हणून नाही, कातडी कागदासारखी. डोळ्याला दिसंना म्हणून गाडी विकतोय म्हणाले. मी इंजिन बघत असताना ते सुधाला आग्रह करत होते, वैनी, डाव्या अंगाला बसून बघा की. ती बसल्यावर वाकून त्यांनी सीट सरकवलं, खाली काहीतरी चाचपलं आणि समाधानानं उठले. किल्ली हातात देताना म्हणाले, पाईप बघत जावा, चारी.

लखनला मी ते सांगितलं. तो हसला. म्हातारं मोजायला चुकलं असंल, म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी गाडीखाली सतरंजी टाकली आणि आडवा झालो. एक, दोन, तीन. तिन्ही पाईप भेगाळलेले, हात लावला की काजळी लागत होती.

त्यांच्या शेजारून चौथा जात होता.

करंगळीएवढा जाड, काळा, आणि नवाकोरा म्हणावा इतका मऊ. एक भेग नाही. मी आधी मनात मोहनरावांची माफी मागितली आणि मग माग काढायला लागलो. आमच्या धंद्यात पहिला नियम हाच. लाईनला हात घालायच्या आधी तिची दोन्ही टोकं बघायची.

पुढचं टोक इंजिनाकडं गेलंच नव्हतं. फरशीच्या पत्र्यातून वर चढून डाव्या सीटखाली निघालं होतं, जिथं सुधा बसते. सीटखालची चटई उचलली. पाईपाचं तोंड उघडंच, वर सीटच्या फोमला टेकलेलं. फोमवर रुपयाएवढा गोल डाग, बोट लावलं तर ओलसर. मागचं टोक टाकीच्या वरून जाऊन मागच्या पत्र्यातल्या एका भोकात शिरत होतं. पुढं दिसत नव्हतं.

आणि पाईप कोमट होता. गाडी तीन दिवस उभी, आंब्याच्या दाट सावलीत. बाकीचे तीन गार, हा कोमट. ऊन पत्र्यावरून परावर्तित होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुठलं ऊन, ते काही मला सांगता आलं नाही.

मग तार घातली. चोकप बघायला मी एक पोलादी तार ठेवलेली आहे, पंधरा फुटांची, दर फुटावर निळी चिकटपट्टी, म्हणजे किती आत गेली ते कळतं. सीटखालच्या तोंडातून ती सोडली. पाच फूट गेली. आठ गेली. गाडी टोकापासून टोकापर्यंत जेमतेम अकरा फूट. बारावी पट्टी आत गेली तेव्हा मी बाहेर येऊन गाडीमागं बघून आलो. तार कुठंच बाहेर आलेली नव्हती. तेरा. चौदा. माझ्या चिमटीत शेवटचा वीतभर तुकडा उरला.

तो तुकडा हलला. आधी नुसता, गळाला मासा लागल्यावर दोरा थरथरतो तसा. मग एक ओढ बसली, जोराची नाही, पण सरळ आणि शांत, आणि तार माझ्या बोटांतून सुटून आत निघून गेली.

पोलादी तारेला ताण असतो, वेटोळं सुटलं की ती झेप घेते, हे मला माहीत आहे. पण तार उलटी, माझ्याकडं यायला पाहिजे होती.

४

सीटकडच्या टोकाचा दोन बोटं तुकडा मी कापला आणि चारही नमुने घेऊन लखनकडं गेलो. तिन्हींचे पाईप त्यानं हां हां म्हणता काढून दिले, नव्या क्लिपांसकट. चौथा तुकडा हातात घेतला आणि काउंटरवर परत ठेवला. मग पुन्हा उचलून नाकाशी नेला.

"काय जातंय ह्यातनं?" त्यानं विचारलं.

मला माहीत नाही म्हणालो. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

पेट्रोल नाही, लखन म्हणाला. पाणी नाही, ऑइल नाही, ब्रेकचंही नाही. त्यानं तुकडा उजेडात धरून आत बघितलं. आतून तांबूस झाक होती. गंज असेल, मी म्हणालो. रबराला गंज कसा येईल, ते त्यानं मला विचारलं नाही, माझं वय बघून सोडून दिलं असावं. हात मात्र त्यानं आत जाऊन साबणानं धुतला.

"ह्याला माझ्याकडं काय न्हाय, आबा," तो म्हणाला. "काय जातंय ते कळल्याबिगर मी पाईप देत न्हाय कुणाला."

५

कारखान्यात अशी वेळ यायची. जुना नकाशा हरवलेला, आणि भिंतीतून एखादी अशी लाईन निघायची की ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही. तिथं आमची एक रीत होती. लाईनला डमी मारायची, म्हणजे खिळा किंवा बोल्ट ठोकून तोंड बंद करायचं, वर क्लिप आवळायची आणि बिडी पेटवून बसायचं. तासात नाहीतर दिवसात कुठल्या तरी खात्यातून बोंब उठायचीच. ज्याची बोंब त्याची लाईन. साहेब लोक नाकं मुरडायचे, पण ही रीत कधी चुकली नाही.

मी तेच केलं. तीन पाईप नवे घातले आणि चौथ्याच्या तोंडात आठचा बोल्ट बसवून क्लिप आवळली. आवळताना पाईप माझ्या मुठीत एकदा ताठला आणि सैल पडला. मी मनात म्हणालो, चला, आता बघू कोण बोंब मारतंय.

आठ दिवस कोणीच बोंब मारली नाही. उलट गुरुवारी आम्ही त्याच गाडीतून बारामतीला गेलो आणि तपासणीत सुधाचं रक्त पावणेआठ निघालं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. पिशवीची गरज नाही म्हणाले. येताना ती वाटभर बोलत होती, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांना नावं ठेवत होती, कसबा ओलांडल्यावर भेळ मागितली. पुढच्या गुरुवारी नऊ. माझा जीव भांड्यात पडला. बायको भिंतीला न धरता अंगणात फिरत होती, आणि हे माझ्या एका बोल्टानं झालं होतं. कसं झालं, ह्यावर विचार करायचा नाही असं मी ठरवलं. सुखाचा जीव कशाला दुःखात घाला?

आता वाटतं, खूश व्हायच्या आधी बिडी विझेपर्यंत तरी थांबायला हवं होतं.

६

सोमवार होता. दुपारी बाराचा भोंगा झाला आणि मी जेवायला घरात आलो. तव्यावर भाकरी करपत होती. सुधा चुलीपुढं नव्हती, न्हाणीत नव्हती, परसात नव्हती.

ती गाडीत होती. डाव्या सीटवर नाही, सीटपुढच्या मोकळ्या जागेत खाली बसली होती, चटई उचलून. तिच्या हाताला पीठ होतं. त्या पिठाच्या बोटांनी ती क्लिपचा स्क्रू फिरवत होती. पाना नाही, काही नाही, नुसत्या नखांनी. एक नख मुळापासून निघालं होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

मी तिला खांद्याला धरून बाहेर ओढलं. काय करतीस म्हणून ओरडलोच मी तिच्यावर. चाळीस वर्षांत असा ओरडलो नव्हतो.

"बाई बोलवतीय कवापास्नं," ती म्हणाली. "दार लावलंय म्हणती. तहानंली हाय हो ती, आयकू येत न्हाय तुमाला?"

मला ऐकू येत नव्हतं. मग तिनं माझं डोकं धरून सीटजवळ नेलं. आधी काही नाही. मग बोल्टाच्या मागून, अगदी बारीक, खोल विहिरीच्या तळातून यावा तसा एका बाईचा आवाज. ती रडत नव्हती. पलीकडच्या खोलीतून सुनेला हाक मारावी तशी सरळ, हक्कानं हाक मारत होती. सुधा. एऽ सुधा.

मी सुधाला घरात नेलं, नखाला हळद लावली, कडी लावली. संध्याकाळपर्यंत ती तीनदा कडीशी गेली. तिसऱ्यांदा मी विचारलं, कुठं निघालीस, तर तिला सांगता येईना. बोंब उठली होती. आणि ती माझ्याच घरात पोचली होती.

७

दुसऱ्या दिवशी सुधाला शेजारच्या रोहिणीवैनींकडं बसवलं आणि मी एसटीनं इंदापूरला गेलो. निमगाव केतकीचे पानमळे मागं पडले तेव्हा वाटलं उतरावं, परत फिरावं. मोहनरावांना विचारणार तरी काय होतो? तुमच्या गाडीच्या पाईपातून बाई बोलते? मला स्वतःची लाज वाटत होती, आणि भीतीही.

मोहनराव दारातच उभे होते, माझी वाट बघत असल्यासारखे. दिवाळीपेक्षा बरे दिसत होते, गालावर थोडं मांस आलं होतं. आत मधल्या खोलीतून हाक येत होती. तोच आवाज, तीच हाक, फक्त आता मोठी आणि जवळची. शेजारच्या घरात टीव्हीवर मालिका चालू होती आणि अंगणात कोणी गहू वाळत घातले होते. एवढ्या लखलखीत उजेडात ती बाई माझ्या बायकोचं नाव घेऊन बोंबलत होती.

"बंद केली व्हय तुमी?" मोहनरावांनी विचारलं. मी काही बोलायच्या आतच पुढं म्हणाले, "वैनींचं रगत किती झालंय आता?"

मी त्यांना सुधाच्या आजाराचं कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांची गचांडी धरायची होती, पण आतली हाक थांबत नव्हती. ते ओसरीवर बसले आणि जमिनीकडं बघत बोलत राहिले. त्यांची बायको सारजा नऊ वर्षं झोपून आहे. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. नऊ वर्षं ती नळी त्यांच्याच सीटखाली होती. पुढं पुढं अंगात काही उरेना. मग गाडी विकायची ठरवली तेव्हा ती डावीकडं सरकवली. चालवणाराच पडला तर गाडी उभी राहते आणि गाडी उभी राहिली की सगळंच थांबतं, म्हणून डावीकडं. हे सगळं त्यांनी कालव्याच्या पाण्याच्या पाळीचं सांगावं तसं सांगितलं.

गाडी भंगारात घालतो, मी म्हणालो. जाळून टाकतो.

"घाला. पर वैनी चालत येतील तिच्या मागं," ते म्हणाले. "येकदा लागलेली लाईन मोकळी ऱ्हात न्हाय, नारायणराव. टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा माणूस हाक मारणारच. कुणावर तरी लावावीच लागती."

मी उठलो. निघताना मधल्या खोलीचा पडदा वाऱ्यानं हलला आणि मला बाजेवरचा एकच हात दिसला. सत्तरीच्या, नऊ वर्षं झोपलेल्या बाईचा हात नव्हता तो. गुबगुबीत, गुलाबी, मनगटात हिरव्या बांगड्या रुतलेल्या. बोटं काहीतरी मोजत होती, जपमाळेचे मणी ओढावेत तशी, सावकाश. मला वाटलं माळच आहे.

ती माझी तार होती. दर फुटावर निळी पट्टी.

८

दोन रस्ते होते. एक, सुधाला जन्मभर कडीत ठेवायचं. दुसरा मला बसमध्येच सुचला होता. आम्ही त्याला वळण म्हणायचो. लाईन बंद करता येत नसेल तर तिला दुसरीकडं वळवायची.

बारामतीला उतरलो आणि तडक लखनकडं गेलो. चौथ्याच्या मापाचा पाईप दे म्हणालो, तीन फूट. त्यानं तोच प्रश्न विचारला. आतून काय जाणार?

"रगत," मी म्हणालो.

त्यानं हातातली वही बाजूला ठेवली. मग त्याला वाटलं मी थट्टा करतोय, आणि नाही वाटलं तरी तसं वाटून घेणं त्याला सोयीचं असावं. तो आत गेला आणि कागदात गुंडाळलेला एक पाईप आणून ठेवला. आतून बाहेरून गुळगुळीत, दुधाच्या धंद्यात वापरतात तसला. माणसाच्या खाण्यापिण्याला चालतो हा, एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर तासाभरात काम झालं. बोल्ट काढला, नवा पाईप जोडला, उजवीकडं वळवला आणि तोंड माझ्या सीटच्या फोमला टेकवलं. क्लिप मी हातानं आवळली आणि वर रंगाचा ठिपका दिला, आम्ही काम पुरं झाल्यावर द्यायचो तसा. मग चालकाच्या सीटवर बसलो आणि वाट बघितली. डाव्या मांडीखालून ऊब चढली. दुखत नव्हतं. लहानपणी आईनं पायाला तेल लावल्यावर यायची तशी सुस्ती आली, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

संध्याकाळी मोहनरावांचा फोन आला. बोंब थांबली म्हणाले. पुन्हा पुन्हा आभार मानत होते. मग जरा संकोचानं म्हणाले,

"सारजा इचारतीय, ह्यो नवा कोण?"

९

आता भाद्रपद चालू आहे. सुधाचं रक्त साडेबारा आहे. तिनं गौरी बसवल्या, सगळ्या गल्लीला जेवायला घातलं, निघालेल्या नखाच्या जागी नवं नख आलं. ती हसली की मी हातातलं काम सोडून बघत राहतो, इतकी ती मला प्रिय आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. आमच्यात ते बोलत नाहीत.

मी रोज अर्धा तास गाडीत बसतो, पेपर घेऊन. नाही बसलो की तिसऱ्या दिवशी सुधा भाकरी टाकून दाराकडं बघायला लागते. गल्लीतली माणसं म्हणतात, फिटर म्हातारपणी गाडीच्या प्रेमात पडला. हसतात ती, हसू देत. माझं रक्त तेरा होतं. गेल्या आठवड्यात सात निघालं. डॉक्टर म्हणाले, तयार होतंय, पण जातंय कुठं कळत नाही. ह्या वेळी मला त्यांचा राग आला नाही. जिना चढताना दोनदा बसावं लागलं, आणि दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मनात आलं की मी पडलो तर सीट रिकामं राहील. सीट रिकामं राहिलं की हाक येईल. आणि हाक येईल ती सुधालाच.

मी वाईट माणूस नाही. पस्तीस वर्षांत माझ्या चुकीनं कुणाचं बोट कापलं गेलं नाही.

आज सकाळी मल्हार नावाचा एक पोरगा आला होता. एमआयडीसीत कामाला आहे, जुनी पण धड गाडी शोधतोय. बायको निकिता बरोबर होती, तीही तिथंच डेअरीत कामाला, लग्नाला वर्षही झालेलं नाही. रोज दोघं मोटरसायकलवर जातात, पावसात भिजतात. चांगली पोरं आहेत. मल्हार इंजिनवर वाकला होता. सुधानं त्यांच्यासाठी चहा टाकला होता आणि स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

मी निकिताला म्हणालो, वैनी, डाव्या अंगाला बसून बघा की. ती बसली. मी वाकून सीट सरकवलं. पाईप पहाटेच परत डावीकडं वळवून क्लिप आवळली होती, रंगाचा ठिपका अजून ओला होता.

"खालनं ऊब येतीया," निकिता म्हणाली आणि हसली.

मल्हारनं बॉनेट लावलं, हात पुसले आणि विचारलं, पेट्रोलचे पाईप बदललेत का, जुन्या गाडीचं तेच बघावं लागतं म्हणतात.

"सगळं नवं टाकलंय," मी म्हणालो. "बघत जावा मधनंमधनं. चारी."